लगाम, बांध आणि एक पात : लेव्हिनच्या वसंतातील रपेटीचा अन्वयार्थ

१

टॉलस्टॉय यांच्या ‘ॲना कॅरेनिना’ या कादंबरीच्या दुसऱ्या भागातील तेराव्या प्रकरणात वरवर पाहता फारसे काही घडत नाही. वसंताच्या आरंभी कॉन्स्तान्तिन लेव्हिन हा जमीनदार कोल्पिक नावाच्या आपल्या लहानखुऱ्या घोड्यावर बसून शेतावर जातो, शिवारातून सावकाश फिरतो, क्लोव्हर पेरणाऱ्या मजुरांपाशी थांबतो, नांगरट पाहतो आणि ओढा ओलांडून घराकडे परततो. ही रपेट वगळली तरी ॲनाच्या शोकात्म कथेत काही उणे पडणार नाही. त्यामुळेच या प्रकरणाचे वाचन सामान्यतः दोन प्रकारे होते. एक तर कादंबरीतील उत्कृष्ट निसर्गवर्णनाचा नमुना म्हणून ते बाजूला काढले जाते. किंवा पीटर्सबर्गमधील कृत्रिम जीवनाच्या विरोधी टोकाला असलेल्या भूमिनिष्ठ, निरोगी जीवनाचे ते चित्र मानले जाते. दुसऱ्या वाचनात लेव्हिन आणि टॉलस्टॉय यांच्यातील अंतर जवळजवळ पुसले जाते आणि रपेटीतील आनंद हा लेखकाने मान्य केलेला, प्रमाणित आनंद ठरतो.

ही दोन्ही वाचने संहितेतील काही तपशिलांकडे डोळेझाक करतात. रपेटीच्या ऐन मध्यावर लेव्हिन घोड्यावरून खाली उतरतो, मजुराच्या हातातील बियाण्याची टोपली घेतो, एक पात पेरतो आणि पुन्हा खोगिरावर बसतो. या उतरण्याला आणि पुन्हा चढण्याला संहितेत काय स्थान आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर नीट शोधले तर हे प्रकरण निसर्गवर्णन राहत नाही. निरीक्षण आणि सहभाग यांच्यातील नाते एका माणसाच्या शरीराच्या हालचालीतून तपासणारा तो एक प्रयोग ठरतो. वास्तववादी कादंबरीसंबंधीच्या एका प्रभावी सिद्धान्ताची मर्यादाही त्यामुळे उघड होते.

२

ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात ‘रूस्की वेस्तनिक’ या नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८७८ मध्ये ग्रंथरूप झाली. भूदासत्व १८६१ मध्ये कायद्याने संपले होते. जमीनदाराच्या शेतावर आता वेठीने नव्हे तर मजुरीने माणसे राबत होती. पण मालकाला मजुराशी कोणत्या भाषेत बोलावे आणि मजुराने मालकाचे काम किती मनापासून करावे, हे कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेले नव्हते. लेव्हिनची सारी अस्वस्थता या पोकळीतून आली आहे. तेराव्या प्रकरणाची पूर्वतयारी करणाऱ्या बाराव्या प्रकरणात, तो त्या हिवाळ्यात शेतीवर एक ग्रंथ लिहीत असल्याची माहिती मिळते. हवामान आणि जमीन यांच्याप्रमाणेच मजुराचा स्वभाव हीदेखील शेतीशास्त्राने गृहीत धरावयाची एक निश्चित बाब मानावी आणि या तिन्हींच्या आधारे शास्त्राचे निष्कर्ष काढावेत, असे त्या ग्रंथाचे सूत्र आहे.

हे सूत्र ध्यानात ठेवले नाही तर रपेटीचा अर्थ हातून निसटतो. मजुराचा स्वभाव जमिनीसारखा, हवेसारखा आहे असे म्हणण्यात एक प्रकारची नम्रता आहे, कारण त्याला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवता येणार नाही याची ती कबुली आहे. परंतु त्याचबरोबर माणसाला निसर्गाच्या रकान्यात टाकण्याची सोयही तीत आहे. जमीन बोलत नाही, हवामान हिशेब करीत नाही. मजूर बोलतो आणि हिशेबही करतो. लेव्हिनच्या ग्रंथातील हा दोष कोणी टीकाकार दाखवून देत नाही. तो दुसऱ्याच प्रकरणात, शेताच्या बांधावर उघडा पडतो.

बाराव्या प्रकरणाच्या अखेरीस वसंत येतो तो कोणाही पात्राच्या नजरेतून येत नाही. ईस्टरच्या सणापर्यंत बर्फ, मग गरम वारा, तीन दिवस पाऊस, धुके आणि अखेर एका सकाळी उघडीप, असा त्याचा क्रम आहे. निवेदक येथे माणसांच्या वर उभा राहून ऋतूची हकिकत सांगतो. तेराव्या प्रकरणात मात्र तो लेव्हिनच्या पायांतील बुटांपाशी येतो. लेव्हिन अंगणात फिरतो आणि पहिल्या काही मिनिटांतच त्याचा उत्साह मोडतो. गोठ्यातले कठडे तुटलेले आहेत; मळणीयंत्रावर काम करीत असायला हवा तो सुतार दाताळ्यांची दुरुस्ती करीत बसला आहे आणि ती दुरुस्ती तर हिवाळ्यातच उरकायला हवी होती. कारभारी प्रसन्न मुद्रेने येतो, प्रत्येक योजनेला मान डोलावतो आणि सारे देवाच्या हवाली आहे अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. आजवरच्या प्रत्येक कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर लेव्हिनने हाच भाव पाहिला आहे. आपल्या विरोधात एखादी आदिम शक्ती उभी आहे, असे त्याला वाटते. त्यानंतरच तो घोड्यावर खोगीर चढवण्यास सांगतो.

तेव्हा ही रपेट निर्हेतुक भटकंती नाही, हे प्रथमतः लक्षात घ्यावयास हवे. अंगणातील अव्यवस्थेपासून ती एक सुटका आहे. जमिनीवर उभे राहून पाहिल्यास प्रत्येक वस्तू तक्रार करते. खोगिरावरून काय दिसते, हे पाहण्यासाठी लेव्हिन वर चढतो.

३

कोल्पिकची चाल टॉलस्टॉय यांनी नेमकेपणाने सांगितली आहे. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून टाकण्याच्या ज्या चालीला मराठीत ‘रवाल’ म्हणतात, तीच ही चाल. दुडक्या चालीत स्वाराला हिसके बसतात. रवाल चालीत तो संथपणे डुलत राहतो. बरेच दिवस तबेल्यात उभा राहिलेला घोडा डबक्यांपाशी फुरफुरतो, लगाम सैल मागतो आणि लेव्हिन चिखलातून फाटकाबाहेर पडतो. पुढील परिच्छेदांचे वाक्यविन्यास या डुलण्याशी सुसंगत आहेत. प्रथम झाडी, विरघळणाऱ्या बर्फावर उमटलेल्या पाऊलखुणा, झाडांच्या साली, फुगलेल्या कळ्या. मग झाडी संपताच समोर पसरलेले कोवळ्या गव्हाचे सलग हिरवे शेत आणि केवळ सखल जागी उरलेले बर्फाचे ठिपके. दृष्टी कोठेही अडत नाही.

या उंचीवर आणि या गतीत लेव्हिनचे मन बदलते. एका शेतकऱ्याची घोडी आणि शिंगरू त्याचे पीक तुडवीत आहेत हे पाहूनही तो रागावत नाही; त्यांना हाकलायला सांगून पुढे जातो. वाटेत भेटलेल्या इपातला तो पेरणी लवकर होणार ना, असे विचारतो. त्याआधी नांगरट तर व्हायला हवी, असे उत्तर त्याला मिळते. त्यातील खोच आणि मठ्ठपणा दोन्ही त्याला जाणवतात, तरीही त्याची प्रसन्नता ढळत नाही. उलट जसजसा तो पुढे जातो तसतशा योजना अधिक भव्य होत जातात. शेतांच्या कडेने झाडे लावायची, म्हणजे बर्फ फार काळ साचून राहणार नाही. जमिनीचे नऊ भाग करायचे, सहा खताचे आणि तीन गवतासाठी राखीव. दूरच्या टोकाला गोठा बांधायचा, तळे खणायचे, जागा बदलता येईल असे वाडे करायचे. मग ३०० देस्यातिना गहू, १०० देस्यातिना बटाटे, १५० देस्यातिना क्लोव्हर आणि कस गेलेली एकही देस्यातिना नाही. (एक देस्यातिना म्हणजे सुमारे पावणेतीन एकर.)

या आकडेमोडीत माणूस नाही. बेरीज जमिनीची आहे, खताची आहे, गुरांची आहे. ती प्रत्यक्षात कोण उतरवणार याचा उल्लेख नाही. बाराव्या प्रकरणातील ग्रंथात निदान ‘मजुराचा स्वभाव’ हा एक घटक म्हणून तरी हजर होता. खोगिरावरील स्वप्नात तोही गळून पडला आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, राबणाऱ्याला आपले शेत सहसा ‘निसर्गदृश्य’ म्हणून दिसत नाही. दृश्य निर्माण व्हायचे तर पाहणारा कामापासून विलग झालेला असावा लागतो. लेव्हिनच्या बाबतीत ही विलगता घडवून आणणारी वस्तू अगदी साधी आहे : घोड्याची पाठ.

घोड्यावरून शेती पाहण्याची एक निराळी परंपरा युरोपीय गद्यात आहे, आणि तिच्याशी तुलना केल्यास लेव्हिनच्या स्थानाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. विल्यम कॉबेट यांनी १८२१ पासून इंग्लंडच्या दक्षिण भागात घोड्यावरून फेऱ्या केल्या. त्यांचे वृत्तान्त त्यांच्या साप्ताहिकात आले आणि १८३० मध्ये ‘रूरल राइड्स’ या नावाने एकत्र झाले. टोलचे मोठे रस्ते टाळून आडवाटेने जाण्याकडे कॉबेट यांचा ओढा होता, कारण शेतमजुराची मजुरी किती, त्याच्या झोपडीची अवस्था काय, हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्या दृष्टीने खोगीर हे साक्षीदाराचे आसन होते. ते परक्या जमिनीतून जात होते आणि त्या जमिनीचा उतारा त्यांच्या नावावर नव्हता. लेव्हिन स्वतःच्या जमिनीतून जातो. त्याची नजर साक्षीदाराची होऊ शकत नाही, कारण जे दिसते त्याचा जाब शेवटी त्यालाच द्यायचा आहे. कॉबेट रागावतात तेव्हा तो राग इतरांवर असतो. लेव्हिनच्या रागाला मात्र जायला जागा नाही, म्हणून तो राग विरवण्याचे उपाय त्याला शोधावे लागतात.

तरीही लेव्हिनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आपल्या स्वप्नांत गुंगलेला असतानाही तो घोडा काळजीपूर्वक बांधाबांधाने नेतो. कोवळे पीक तुडवले जाऊ नये हे त्याचे भान सुटत नाही. ‘खोल्स्तोमेर’ (१८८६) या कथेत टॉलस्टॉय एका घोड्याच्या तोंडून माणसांच्या ‘माझे’ या शब्दाची चिकित्सा करतात. ज्या जमिनीवर कधी पाऊलही टाकले नाही तिला माणसे आपली म्हणतात, याचे त्या घोड्याला आश्चर्य वाटते. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून या कथेचा आधार घेतला, तो याच कारणाने. त्या घोड्याच्या आरोपातून लेव्हिन सुटतो. तो आपल्या जमिनीवरून जातो, तिचा पोत त्याला ठाऊक आहे. परंतु जमिनीवरून जाणे आणि जमिनीत राबणे यांत अंतर उरतेच, आणि कादंबरी त्याला तेथेच नेऊन सोडते.

४

मजुरांपाशी पोहोचल्यावर लेव्हिनला दिसते ते असे : बियाण्याची गाडी बांधावर असण्याऐवजी शेतातच उभी आहे, चाकांनी आणि घोड्याच्या पायांनी गव्हाचे कोवळे पीक उखडले गेले आहे. दोघेही मजूर बांधावर बसले आहेत. बहुधा एकच चिलीम दोघांत फिरत असावी. बियाण्यात मिसळायची माती चाळलेली नाही, तिची ढेकळे झाली आहेत. मालक दिसताच वसीली गाडीकडे जातो आणि मिश्का पेरू लागतो. ज्या बांधावरून लेव्हिन घोडा सांभाळून आणतो, त्याच बांधावर मजूर बसले आहेत आणि गाडी शेतात आहे. बांध येथे केवळ शेताची सीमा राहत नाही. काळजी कोणी कशाची घ्यावयाची, याची ती सीमा ठरते. घोडा मालकाचा, गाडी मालकाची, पीकही मालकाचे. विश्रांती तेवढी मजुराची आहे, आणि तिच्यासाठी त्याने नेमकी कोरडी जागा निवडली आहे.

येथे लेव्हिन उतरतो. टॉलस्टॉय यांनी या कृतीचे कारण स्पष्टपणे दिले आहे आणि ते वाचकाला खटकल्यावाचून राहू नये. आपली चीड दाबण्याचा आणि वाईट दिसणारे सारे पुन्हा चांगले करून टाकण्याचा लेव्हिनला ठाऊक असलेला, अनेकदा अनुभवास आलेला एक उपाय म्हणून ही कृती येते. म्हणजे पेरणी हा येथे औषधोपचार आहे. चिखलातून चालणे दलदलीतून चालण्याइतके कठीण जाते, एका पातीतच त्याला घाम फुटतो, तो टोपली परत देतो आणि उपाय लागू पडल्याचे त्याला जाणवते. या प्रसंगाला ‘श्रमाशी तादात्म्य’ म्हणणे संहितेच्या विरोधात जाते. लेव्हिन मजुरांच्या कामात सहभागी होत नाही. त्यांचे काम तो क्षणभर आपल्या मनःस्थितीसाठी वापरतो.

यानंतरचा संवाद या प्रकरणाचा गाभा आहे. या पातीवरून उन्हाळ्यात आपल्याला बोल लावू नये, असे वसीली मालकाला हसत बजावतो. लेव्हिन कारण विचारतो, तेव्हा ही पात उन्हाळ्यात वेगळी उठून दिसेल, असे तो सांगतो. हे कौतुक आहे की थट्टा? मालकाने पेरलेली पात सरस ठरेल, की विरळ उगवून डोळ्यांत भरेल? निवेदक निर्णय देत नाही. प्रकरणभर लेव्हिनच्या नजरेला चिकटून राहिलेला निवेदक वसीलीच्या बोलण्यावर भाष्य करणे टाळतो. ते सरळ संवादाच्या रूपात, अन्वयार्थाशिवाय समोर ठेवतो. लेव्हिन ते आनंदाने ऐकतो, आणि वाचक त्याच्या आनंदात सामील होतो खरा, परंतु थोडा मागे राहतो.

पुढे वसीली गेल्या वसंतात आपण केलेली पेरणी दाखवतो, सख्ख्या बापाचे काम करावे तसे आपण मालकाचे काम करतो असे सांगतो, मालकाचे भले तेच आपलेही भले असे म्हणतो. जुन्या, भूदासत्वाच्या काळातील निष्ठेची ही भाषा आहे. पण बोलता बोलता तो आणखी एक गोष्ट सांगून जातो. तो घरी गेला होता. तेथे त्याच्या म्हाताऱ्यानेही थोडा गहू पेरला आहे आणि तो छान उतरला आहे. गव्हाची पेरणी शिकवली ती लेव्हिननेच, दोन वर्षांपूर्वी बियाणेही त्यानेच दिले. त्यातले काही विकले, काही पेरले.

हे वाक्य बहुधा लेव्हिनच्या उदारतेचा पुरावा म्हणून वाचले जाते. त्यात दडलेली दुसरी माहिती अधिक महत्त्वाची आहे. वसीलीचे स्वतःचे शेत आहे. तेथे ऋतू हाच आहे, बियाणे हेच आहे, पण हिशेब त्याचा आहे. वसंत चांगला आहे, म्हाताऱ्यांनाही असा वसंत आठवत नाही, असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणते शेत असावे? लेव्हिनच्या शेतात बियाण्याच्या मातीची ढेकळे न फोडणारा हा माणूस घरच्या गव्हाची वाढ न्याहाळून आला आहे. मजुराचा स्वभाव ही हवामानासारखी निश्चित बाब आहे या सिद्धान्ताला याहून सौम्य आणि याहून पूर्ण उत्तर मिळणे कठीण. एकच माणूस दोन शेतांत दोन प्रकारे वागत असेल, तर त्याचा स्वभाव शोधण्याऐवजी त्या दोन शेतांतील फरक शोधावा लागेल. लेव्हिन हे ऐकतो, पण त्याला ते ऐकू येत नाही. ढेकळे फोडायला सांगून, मिश्कावर लक्ष ठेवायला बजावून आणि उगवण चांगली झाल्यास देस्यातिनेमागे ५० कोपेक देण्याचे कबूल करून तो घोड्याकडे वळतो. बापाच्या नात्याच्या भाषेला मालक बक्षिसाच्या आकड्याने उत्तर देतो, आणि मजूर नम्रपणे आभार मानतो.

यानंतर कोल्पिक गेल्या वर्षीच्या क्लोव्हरच्या आणि नांगरून ठेवलेल्या शेताकडे जातो. अर्धवट विरघळलेल्या जमिनीत घोड्याचे पाय घोट्यापर्यंत रुततात, प्रत्येक पाऊल उपसताना आवाज होतो. मराठी शेतकरी ज्याला ‘वाफसा’ म्हणतो, ती स्थिती अजून आलेली नाही, पण दोन दिवसांत येईल आणि मग दाताळी फिरवून पेरता येईल, हे लेव्हिनला घोड्याच्या पायांवरून कळते. येथे त्याचे ज्ञान खरे आहे, अचूक आहे. जमीन त्याला वाचता येते. माणूस वाचण्यात तो चुकतो. रपेटीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्या मधोमध वसीलीचा संवाद ठेवून टॉलस्टॉय यांनी हा भेद रचनेतच बांधून टाकला आहे.

५

ग्यॉर्ग लुकाच यांनी ‘निवेदन की वर्णन’ (१९३६) या निबंधाचा आरंभ घोड्यांच्या दोन शर्यतींच्या तुलनेने केला आहे. झोलांच्या ‘नाना’ (१८८०) या कादंबरीतील शर्यत बारकाव्यांनी परिपूर्ण असूनही कथानकाशी सैलपणे जोडलेली आहे, तर ‘ॲना कॅरेनिना’मधील शर्यत पात्रांच्या भवितव्याचा निर्णायक क्षण आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिल्या प्रकारात लेखक निरीक्षक असतो, दुसऱ्यात सहभागी. या भेदामागे लुकाच यांनी लेखकाचे समाजातील स्थान पाहिले. जीवनव्यवहारात प्रत्यक्ष सामील असणारे लेखक निवेदन करतात आणि व्यवसाय म्हणून लेखन करणारे वर्णन करतात, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल.

व्ह्रॉन्स्कीची शर्यत दुसऱ्याच भागातील पंचविसाव्या प्रकरणात आहे. लेव्हिनच्या रपेटीपासून अवघी बारा प्रकरणे पुढे. लुकाच यांच्या कसोटीवर रपेट कोठे बसते? तिने कोणाचे भवितव्य ठरत नाही. मग ती ‘वर्णन’ म्हणावी काय? तसे म्हणणे उघडच अपुरे आहे. उलट ‘निवेदन’ म्हणावे तर तिच्यातील दृश्यांचा मोठा भाग केवळ पाहण्याने व्यापलेला आहे. अडचण अशी की निरीक्षण आणि सहभाग यांना लुकाच लेखकाच्या वृत्ती मानतात, तर या प्रकरणात त्या एकाच पात्राच्या एकाच सकाळीतील दोन अवस्था आहेत. खोगिरावर बसलेला लेव्हिन निरीक्षक आहे. टोपली घेतलेला लेव्हिन सहभागी आहे. आणि त्या सहभागाची लांबी एक पात आहे. सहभाग कोठे संपवायचा हे ज्याला ठरवता येते, त्याचा सहभाग हाही निरीक्षणाचाच एक प्रकार ठरण्याचा धोका असतो. मिश्काला टोपली परत देऊन घोड्यावर बसता येत नाही. म्हणजे निरीक्षक आणि सहभागी यांच्यातील खरा भेद ‘कामात हात घातला की नाही’ एवढ्याने ठरत नाही. तो काम सोडून जाण्याच्या मुभेने ठरतो. हा निकष लुकाच यांच्या मांडणीत नाही, आणि तो नसल्यामुळे टॉलस्टॉय यांचा सहभाग तेथे निर्विवाद गुण होऊन बसतो. प्रत्यक्षात त्या सहभागाबद्दलचा संशय टॉलस्टॉय यांनी आपल्या संहितेतच पेरून ठेवला आहे.

शर्यत आणि रपेट यांचे नाते विरोधाचे मानणे सोपे आहे : एकीकडे वेग, गर्दी, प्रतिष्ठा, दुसरीकडे संथपणा, एकांत, शेती. पण दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच विषय आहे, तो म्हणजे दुसऱ्या जिवावर टाकलेला आपला भार. व्ह्रॉन्स्कीची चूक क्षणाची आहे. घोडीच्या गतीशी मेळ न राखता तो खोगिरावर आदळतो आणि फ्रू-फ्रूचा कणा मोडतो. त्यानंतर तो तिला टाचेने लाथही मारतो. लेव्हिन असा आदळत नाही. तो बांधाने जातो, रुतणाऱ्या जमिनीत घोडा जपतो. भार हलका ठेवण्याची नीती त्याच्या अंगवळणी पडली आहे, आणि कादंबरी त्याचे हे श्रेय नाकारत नाही. फक्त भार हलका असला तरी तो असतो, आणि खाली कोणीतरी तो वाहत असते, याचा विसर ती वाचकाला पडू देत नाही.

६

रपेट संपते न संपते तोच घराच्या दाराशी घुंगरांचा आवाज येतो. आलेला पाहुणा स्तिवा ओब्लॉन्स्की आहे आणि तो आपल्या पत्नीच्या मालकीचे जंगल रियाबिनिन या व्यापाऱ्याला ३८,००० रूबलना, तेही बहुतांश हप्त्यांनी, विकायला निघाला आहे. झाडे मोजली का, असे लेव्हिन त्याला विचारतो. देस्यातिनेला ५०० रूबल रोख मिळावेत अशा जंगलाला २०० मिळत आहेत, हे त्याला दिसते. सकाळच्या रपेटीशी हा प्रसंग नीट जुळतो. जो आपल्या मालमत्तेतून फिरतो त्याला तिचे मोल कळते. जो फिरत नाही तो फसतो. येथे लेव्हिनचा हिशेब बरोबर आहे आणि त्याची चीडही रास्त आहे. पण ज्या दिवशी तो मित्राला झाडे न मोजल्याबद्दल बोल लावतो, त्याच दिवशी सकाळी ३०० देस्यातिना गव्हाच्या स्वप्नात त्याने माणसे मोजलेली नसतात. वाचकाने हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहावेत, अशीच या प्रकरणांची मांडणी आहे.

तिसऱ्या भागातील गवतकापणीचा प्रसंग एका पातीने भागणार नाही या जाणिवेतून आलेला दिसतो. तेथे लेव्हिन दिवसभर मजुरांच्या रांगेत विळा चालवतो, स्वतःला विसरतो, एका म्हाताऱ्याबरोबर त्याचा पाव खातो. सहभागाची लांबी वाढली आहे आणि हेतूही बदलला आहे, ही प्रगती मान्य करावी लागते. तरी या दिवसाचा शेवट टॉलस्टॉय यांनी कसा केला आहे ते पाहण्याजोगे आहे. सहाव्या प्रकरणाच्या आरंभी काम संपवून मजूर चालत घरी निघतात. लेव्हिन त्यांचा खेदाने निरोप घेऊन घोड्यावर बसतो. टेकडीवरून तो मागे वळून पाहतो, तेव्हा सखल भागातून वर चढणाऱ्या धुक्यात त्याला माणसे दिसत नाहीत. त्यांचे मोठ्याने चाललेले बोलणे, हसणे आणि एकमेकांवर आपटणाऱ्या विळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

वसंतातील रपेटीत खोगिरावरून सारे शिवार दिसत होते आणि मजूर काय म्हणतो ते ऐकू येत नव्हते. येथे खोगिरावरून काही दिसत नाही, पण आवाज पोहोचतो आहे. दोन प्रसंगांमधल्या काळात लेव्हिनने एवढेच अंतर कापले आहे. ते थोडे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो अजून घोड्यावर आहे आणि ते चालत आहेत, ही वस्तुस्थिती टॉलस्टॉय यांनी कोणत्याही धुक्याआड दडवलेली नाही.